दारफाळणीचा उपवास आणि घरातील ज्येष्ठ

कोकणातून आलेला बेने इस्रायल समाज योम किप्पुरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणतो. दारे लावून, शुभ्र वस्त्रांत, सुमारे २५ तास पाण्याचा घोटही न घेता प्रार्थना करायची. आपल्या घरी मधुमेही वा हृदयरोगी ज्येष्ठ असतील, तर हा उपवास जिवावर बेतू शकतो. यहुदी धर्मशास्त्र याबाबत निःसंदिग्ध आहे: जीवरक्षणापुढे उपवास गौण. म्हणून औषधांविषयी डॉक्टरांना सणाआधीच विचारा. गोळीबरोबर पाणी घेणाऱ्या आजोबांना अपराधी वाटू देऊ नका. त्यांना खरी ओढ असते ती सिनेगॉगमधील आपल्या माणसांची. सायंकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला त्यांना तेथे अवश्य न्या, शोफारचा नाद ऐकू द्या. उभे राहण्याचा आग्रह मात्र नको. दुसरा दिवस ‘शिळा सण’, दानधर्माचा नि भेटीगाठींचा. त्या दिवशीही त्यांना घरी एकटे ठेवू नका.