मतदारयादी : संसदेतली चर्चा आणि आपला उंबरठा

उर्दू शाळेत हजेरी घेताना एखादं नाव चुकून राहिलं, तर ते मूल लगेच उभं राहतं. "मिस, मेरा नाम रह गया!" मोठ्या माणसांना मात्र आपलं नाव राहिल्याचं मतदानाच्या दिवशी, रांगेत तास-दीड तास उभं राहिल्यावर कळतं. तेव्हा हात वर करून उपयोग नसतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. मग हातात ओळखपत्र असलं तरी नाव यादीत नाही म्हणजे मत नाही.

हे मी दुसऱ्यांचं ऐकून लिहीत नाही. शिक्षकी पेशाबरोबर बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम माझ्या वाट्याला आलं आणि एक चूक माझ्याच हातून झाली. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांच्या घरी मी दोनदा गेले, दोन्ही वेळा कुलूप. शेजारणीने सांगितलं, "नातीच्या बाळंतपणाला मुंब्र्याला गेल्यात, आता तिकडंच राहतील." मी नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारला. नोटीस निघाली ती त्याच कुलूपबंद दारावर. चार महिन्यांनी खाला परत आल्या, आणि मतदानाच्या दिवशी बुरख्याच्या खिशातून जपून ठेवलेलं ओळखपत्र काढून टेबलासमोर उभ्या राहिल्या. नाव नव्हतं. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. "बेटा, मैं तो यहीं की हूँ," एवढंच बोलून घरी गेल्या. तात्पुरतं बाहेर राहिल्याने माणसाचा रहिवास संपत नाही, हे त्याच कायद्याच्या २०व्या कलमात लिहिलेलं आहे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

त्यामुळे ९ आणि १० डिसेंबर २०२५ला लोकसभेत निवडणूक सुधारणांवर चर्चा झाली, तेव्हा स्वयंपाक बाजूला ठेवून मी टीव्हीसमोर बसले होते. ही चर्चा सहजासहजी झाली नाही. बिहारमधल्या मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावर, ज्याला सगळे 'एसआयआर' म्हणतात, बोलू द्या म्हणून विरोधी पक्षांनी पावसाळी अधिवेशनात कामकाज रोखून धरलं होतं. आयोग स्वायत्त असल्याने त्याच्या कामावर सभागृहात चर्चा होऊ शकत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. अखेर हिवाळी अधिवेशनात 'निवडणूक सुधारणा' या मोठ्या छत्रीखाली विषय आला. विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी आयुक्त निवडणाऱ्या समितीतून सरन्यायाधीशांना का वगळलं, हा प्रश्न विचारला आणि संगणकाला वाचता येईल अशी यादी निवडणुकीआधी सर्व पक्षांना द्या, ही मागणी केली. गृहमंत्री अमित शहा यांनी उत्तरात अशी पुनरीक्षणं आधीच्या सरकारांच्या काळातही झाल्याचं सांगितलं. मृतांची, दुबार आणि परदेशी नागरिकांची नावं काढणं म्हणजेच यादीचं शुद्धीकरण, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या भाषणादरम्यान विरोधकांनी सभात्याग केला. दोन दिवसांत बरंच काही आलं. यंत्रं, सीसीटीव्ही, नेहरू, घुसखोर. कुलूप लावलेल्या दाराबद्दल मात्र मला फार थोडं ऐकू आलं.

खरं तर हा वाद प्रजासत्ताकाहूनही जुना आहे. १५ जून १९४९ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाबद्दलचं सुधारित कलम मांडलं. आधीचा बेत प्रांतांसाठी वेगळे आयोग ठेवण्याचा होता. तो बदलण्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं: काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावं यादीत येऊ नयेत असा कारभार चालल्याच्या तक्रारी आल्या आहेत. म्हणून सगळी सूत्रं एका केंद्रीय आयोगाकडे दिली गेली. धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कुणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही, हे ३२५वं कलमही आपल्या संविधानात आहे.

तरीही नावं गळतातच, आणि दर वेळी कट असतो असं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशी नोंद चालणार नाही. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख बायका त्यामुळे यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. पण मला तो योग्यच वाटतो. त्यानंतर बायकांची नावं यादीत आली ती त्यांच्या स्वतःच्या नावाने.

आज आपल्या घरांतली अडचण वेगळी आहे. नाव सांगितलं जातं, पण लिहिलं जातं पाच तऱ्हांनी. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय अशी चार अक्षरं. मराठीत त्या सगळ्यांचा 'ज' होतो, कुणी 'झ' करतं. जुबेदा आणि झुबेदा या संगणकाला दोन बायका वाटतात. मराठवाड्यात 'शेख सलीम शेख करीम' असं नाव लिहायची रीत आहे. अर्जावर आडनावाच्या चौकटीत काय भरायचं यावर तीन कारकून तीन मतं देतात. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'बी', निकाहनाम्यात 'बानो', आधारवर 'बेगम'. घरात याचं कुणाला काही वाटत नाही. पण पडताळणीच्या यादीत यालाच 'विसंगती' म्हणतात. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या पालिका निवडणुकांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले होते. आमच्या प्रभागात तारे पाहून एक बहीण घाबरून गेली. शोधलं तर दुसरी त्याच नावाची तिची सख्खी चुलतबहीण निघाली.

बिहारमध्ये काय झालं ते आकड्यांवरून पाहावं. १ ऑगस्ट २०२५च्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं नव्हती. कुणाचं नाव का गेलं हे आधी जाहीर केलं नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसह प्रसिद्ध करायला लावली, आणि ८ सप्टेंबरला ओळखीचा पुरावा म्हणून आधारही घ्या असं सांगितलं. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झालं. आपल्याकडे आधार दाखवलं की सगळं झालं असा समज आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दुसरा एक निकाल वकिलांपुरताच राहिला आहे, तो घरोघरी माहीत असायला हवा. १९९५च्या लालबाबू हुसेन खटल्यात मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधली नावं काढण्याचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आधीच्या यादीत नाव असलेल्या माणसाला नोटीस दिल्याशिवाय, संशयाचं कारण सांगितल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येणार नाही. तेव्हा नोटीस आली तर ती घाबरून कपाटात ठेवू नका. ती आपल्यासाठी दिलेली संधी असते. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यापुढे ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात शेजारचे गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. पण ही मोहीम देशभरासाठी आहे. तिथे २००२ ते २००४च्या सुमारास झालेल्या मागच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीत स्वतःचं किंवा आई-वडिलांचं नाव शोधावं लागलं. इथे बायका अडतात. सासरी येऊन वीस वर्षं झालेली बाई माहेरच्या गावाचा यादी भाग क्रमांक कुठून सांगणार? म्हणून ईदला माहेरी जाल तेव्हा अब्बा-अम्मींची जुनी ओळखपत्रं पाहून मतदारसंघाचं नाव आणि क्रमांक एका वहीत उतरवून घ्या. नमुने तीनच लक्षात ठेवायचे: नवीन नावासाठी ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी ७, दुरुस्ती आणि पत्ताबदलासाठी ८. घरातल्या माणसाचा इंतिकाल झाला असेल तर नमुना ७ आपणच भरून द्यावा; आमच्या घरी माझ्या सासऱ्यांचं नाव सहा वर्षं तसंच होतं, आणि मी स्वतः बीएलओ! दुसऱ्या कुणी खोटी माहिती देऊन आपल्याविरुद्ध नमुना ७ भरला तर ३१व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

बीएलओंवरही थोडी मेहेरनजर असू द्या. दिवसभर वर्ग, मग दारोदार फिरणं, रात्री मोबाइलवर माहिती भरणं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयालाच राज्यांना सांगावं लागलं की या कामाला जादा माणसं द्या. दारावर बीएलओ आला तर "बाद में आओ" म्हणू नका. परगावी जाणार असाल तर शेजारणीकडे आपला मोबाइल नंबर आणि परत येण्याची तारीख देऊन जा.

खालांचा नमुना ६ मी स्वतः बसून भरला, फोटो काढून आणला, अंगठ्याऐवजी त्यांनी हट्टाने उर्दूत सही केली. पुढच्या यादीत नाव आलं. आडनाव मात्र 'शेक' छापलंय आणि वय आठ वर्षांनी कमी. खाला वयावर खूश आहेत. मी नमुना ८ भरून दिलाय.