काढलेल्या अपेंडिक्सचा रिपोर्ट आणलात का?

अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, की घरचे निर्धास्त होतात. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र कित्येकदा लॅबमध्येच पडून राहतो. अपेंडिक्सच्या कॅन्सरचा पत्ता बहुतेकदा त्या कागदावरच लागतो.

आजार दुर्मीळ आहे. काढलेल्या शंभर अपेंडिक्समागे जेमतेम एकात गाठ निघते. पण ऑपरेशनआधी ती ओळखणं फार कठीण. कोलोनोस्कोपीत अपेंडिक्सचं फक्त तोंड दिसतं. सीटी स्कॅनमध्ये ते १५ मिलिमीटरहून जास्त फुगलेलं असेल किंवा भिंतीत कॅल्शियम साचलेलं असेल, तर शंका घ्यायला जागा असते. सीईए, सीए १९-९ या नुसत्या रक्ततपासण्यांवरून निदान होत नाही. आणि चिकट स्रावानं भरलेल्या अपेंडिक्समध्ये सुई घालणं डॉक्टर टाळतात; ते फुटलं तर पेशी पोटभर पसरतात. अभिनेत्री ऑड्री हेपबर्नचा आजार नोव्हेंबर १९९२ मध्ये ऑपरेशनच्या वेळी कळला, तेव्हा तो पोटात पसरलेला होता. जानेवारी १९९३ मध्ये ती गेली.

म्हणून लॅबमधलं काम नीट व्हायला हवं. लहान दवाखान्यांत बरणी नातेवाइकांच्याच हाती देतात. तिच्यात फॉर्मलिन आहे ना, हे विचारून घ्या. नुसत्या सलाईनमध्ये तुकडा खराब होतो. पॅथॉलॉजिस्ट अपेंडिक्सच्या बुडाकडची कड वेगळी तपासतात आणि टोक उभं चिरतात, कारण न्यूरोएंडोक्राइन प्रकारच्या गाठी बहुतेक टोकालाच असतात. मग मेणात बसवून केसाहून कितीतरी पातळ काप घेतात, रंगवतात, मायक्रोस्कोपखाली पाहतात. न्यूरोएंडोक्राइन गाठ १ सेंटिमीटरहून लहान असेल तर सहसा तेवढं ऑपरेशन पुरतं. २ सेंटिमीटरहून मोठी असेल तर मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढावा लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये गाठीचं माप आणि कड मोकळी आहे का, हे सर्जनला दाखवाच.

चाळिशीपुढच्यांनी आणखी जपावं. अपेंडिक्सभोवती पू झाला आणि नुसत्या औषधांनी बरं वाटलं, की 'आता कशाला ऑपरेशन?' असं वाटतं. अशाच रुग्णांवरचा फिनलंडमधला एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ६० पैकी १२ जणांत गाठ निघाली होती आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते.

रिपोर्टमध्ये गाठ आली तर लॅबकडून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ते घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घेता येतं.