चांदोलीच्या ओल्या रानात सोबती का हवा?

शिराळा म्हटले की आधी नागपंचमी आठवते. पण याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वारणेच्या वसंतसागर जलाशयाभोवती चांदोलीचे रान पसरले आहे. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत त्याची गणना झाली. पावसाळ्यात उद्यान बंद असते. ते पुन्हा उघडते तेव्हाही सड्यांवरच्या खळग्यांत पाणी साचलेले असते आणि अंजनी-जांभळाच्या सावलीतला पालापाचोळा ओलाच असतो. अशा वेळी मित्राबरोबर रानात जायचे, तर मित्र गप्पांपुरता नसावा.

पहिली गाठ पडते ती जळवांशी. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांवरून जळू माणूस हेरते. तिच्या लाळेतला एक पदार्थ रक्त गोठू देत नाही. त्यामुळे जळू सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. घाबरण्याचे कारण नाही. जळू ओढून काढू नये, काडीने चटकाही देऊ नये. तोंडाकडच्या बारीक टोकाखाली नख सरकवून ती सोडवावी, जखम साबणाने धुवावी आणि दाबून धरावी. मानेमागची किंवा गुडघ्यामागची जळू स्वतःला दिसत नाही. ती सोबत्यालाच दिसते.

खरी कसोटी सर्पदंशाची. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ५८ हजार मृत्यू होतात, असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडचे प्रतिविष काम करते. घोड्यांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात. घाटातल्या हिरव्या चापड्याचे विष मात्र त्यात धरलेले नाही; त्याच्या दंशावर लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणून साप कसा दिसत होता हे सांगता आले तर उपयोग होतो, पण त्याला पकडण्याच्या किंवा मारण्याच्या फंदात पडू नये. तो नाद दुसरा दंश ओढवून घेतो.

दंश झालेल्या माणसाने चालू नये. स्नायू हलले की विष लवकर पसरते. इथे सोबती कामाला येतो. त्याने धीर द्यावा, अंगठी, घड्याळ, पैंजण उतरवावेत, हात किंवा पाय फळीने अथवा काठीने बांधून स्थिर करावा आणि दंशाची वेळ लिहून ठेवावी. करकचून आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने रक्त ओढणे हे टाळावे. मण्यारीच्या दंशाची जागा फारशी दुखत नाही, सूजही दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि श्वास अडतो. ‘काही झाले नाही’ म्हणून थांबणे म्हणूनच महागात पडते.

पण दोघेच असले तर पेच पडतो. एकाने जखमीजवळ बसायचे, तर मोबाइलला रेंज मिळेपर्यंत जाऊन १०८ क्रमांकावर कोण कळवणार? त्यामुळे परवानगी घेऊन, स्थानिक वाटाड्यासह जाणे हा केवळ नियमाचा भाग नाही. वाटाड्या हा तिसरा माणूस असतो. रुग्णवाहिका कुठवर येईल, प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळेल, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

रानातून परतल्यावरही सोबत्याचे काम संपत नाही. स्क्रब टायफस हा आजार बारीक गोचिडीसारख्या किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो. ताप साधारण एक ते तीन आठवड्यांत येतो. काखेत, जांघेत किंवा कमरेला सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसू शकते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रुग्ण बहुधा बरा होतो. मात्र डॉक्टरांना रानाची गोष्ट सांगितली नाही, तर साधा ताप समजून दिवस वाया जातात.

त्यामुळे घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत, अंग नीट तपासावे आणि पुढचे तीन आठवडे एकमेकांना विचारत राहावे, ‘ताप तर नाही ना?’