व्हिसा पाच वर्षांचा, मुक्काम नव्वद दिवसांचा

मल्टिपल एंट्री व्हिसा मिळाला म्हणजे युरोपात हवं तितकं राहता येतं, असं वाटतंय? मग बॅग भरायच्या आधी कॅलेंडर उघडा!

ग्रुपमधल्या कुणाला तरी शेंगेन व्हिसा मिळतो आणि लगेच प्लॅन्स सुरू होतात. ‘दोन वर्षांचा आहे रे! सहा महिने तिकडेच राहू. ताईकडे मुक्काम, वीकेंडला पॅरिस, सुट्टीत रोम.’ स्टिकरवर शेवटची तारीख खरंच दोन वर्षांनंतरची असते. पण त्याच स्टिकरवर आणखी एक छोटा रकाना असतो, ‘ड्युरेशन ऑफ स्टे’. त्यात आकडा असतो 90. सगळी गंमत (आणि सगळा घोळ) या आकड्यात आहे.

व्हिसाची मुदत म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही जा-ये करू शकता. मुक्काम म्हणजे प्रत्यक्ष किती दिवस राहू शकता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मल्टिपल एंट्रीमुळे फेऱ्या वाढतात, दिवस वाढत नाहीत.

सरकती खिडकी

नियम एका ओळीचा आहे: कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. बहुतेक जण अडखळतात ते ‘कोणत्याही’ या शब्दावर. हा काही ठरल्या तारखेला रिसेट होणारा डेटा पॅक नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून पाहायचं, आजचा दिवस धरून गेल्या 180 दिवसांत आपण किती दिवस तिथे होतो? उत्तर 90 च्या आत हवं. उद्या ही खिडकी एक दिवस पुढे सरकते.

उदाहरण घेऊ. तुम्ही 1 जानेवारी 2026 ला पोहोचलात आणि सलग राहिलात, तर 31 मार्चला 90 दिवस पूर्ण होतात. त्या दिवशी बाहेर पडायलाच हवं. पुन्हा कधी जाता येईल? 30 जूनला. त्या दिवशी 1 जानेवारी खिडकीबाहेर गेलेला असतो आणि त्यानंतर रोज एक जुना दिवस गळत जातो. म्हणजे 27 सप्टेंबरपर्यंत पुन्हा 90 दिवस राहता येतं.

लक्षात ठेवा, पोहोचल्याचा दिवसही मोजतात आणि निघाल्याचाही. ‘दोन दिवस लंडनला जाऊन आलं की मोजणी नव्यानं सुरू’ हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. बाहेर गेल्यावर मोजणी थांबते, पुसली जात नाही.

29 देश, एकच हिशेब

जर्मनीत 40 आणि इटलीत 50 दिवस राहिलात, तरी बेरीज 90 च. शेंगेनमधले 29 देश या हिशेबात एकच धरले जातात. पूर्वी 90 दिवस संपले की अनेक जण क्रोएशिया किंवा बल्गेरियात जाऊन थांबायचे. आता ती वाट बंद झालीय. क्रोएशिया 2023 मध्ये शेंगेनमध्ये आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही 1 जानेवारी 2025 पासून खुल्या झाल्या. आयर्लंड आणि सायप्रस मात्र अजून बाहेर आहेत. त्यामुळे जुने ट्रॅव्हल व्हिडिओ बघून प्लॅन करू नका.

शिक्का गेला, कॅमेरा आला

‘शिक्का पुसट आहे, कोण मोजतंय?’ या भरवशावर तर अजिबात राहू नका. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमांवर एंट्री-एक्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे आणि ये-जा केल्याच्या तारखा आता कॉम्प्युटरमध्ये नोंदल्या जातात. जास्त दिवस राहिलात की ते लगेच दिसतं.

आपल्यासाठी यात मोठी गोष्ट पणाला लागते. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल 2024 मध्ये नियम सोपे झाले. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नियमानं वापरले असतील, तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. यात ‘नियमानं वापरले’ हे शब्द महत्त्वाचे. हिशेब चुकला तर दंड किंवा प्रवेशबंदी होऊ शकते आणि पुढचा व्हिसाही अडतो.

सेमिस्टर तिकडे करायचंय?

मग हा व्हिसा तुमच्यासाठी नाहीच. 90 दिवसांपेक्षा मोठ्या कोर्ससाठी त्या देशाचा लाँग-स्टे, म्हणजे ‘डी’ व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट लागतं. त्यावर त्या देशात राहिलेले दिवस 90 मध्ये धरत नाहीत. शेजारच्या शेंगेन देशांत फिरायला गेलात, तर तिथे मात्र 90/180 चा नियम लागू होतो.

आई-बाबांसाठीही वाचा

दादा-वहिनीकडे बाळ येणार म्हणून आई-बाबा अमेरिकेला निघतात आणि फॉर्म भरायचं काम घरातल्या कॉलेजवाल्यावर येतं. अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात. नेमकी तारीख आय-94 या नोंदीत असते, ती ऑनलाइन बघता येते. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसाही दहा वर्षांपर्यंतचा मिळतो, पण एका भेटीत सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही.

निघण्याआधी

- युरोपियन युनियनच्या अधिकृत वेबसाइटवर मोफत कॅल्क्युलेटर आहे. तारखा टाकून बघा.
- प्रत्येक ये-जा फोनमध्ये लिहून ठेवा, बोर्डिंग पास जपा.
- शेवटच्या दिवसाचं तिकीट काढू नका. फ्लाइट रद्द झाली तर? चार-पाच दिवस हाताशी ठेवा.
- परतीच्या तारखेनंतर पासपोर्टला किमान तीन महिने मुदत हवी.
- प्रत्येक ट्रिपला किमान 30 हजार युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स हवा. पहिल्या ट्रिपचा दुसऱ्या ट्रिपला चालत नाही.

दिवस मोजायची आपल्याला तशी सवय आहेच. 75 टक्क्यांचा हिशेब कोण करत नाही? फरक एवढाच, कॉलेजात हजेरी कमी पडली की प्रॉब्लेम होतो, इथे जास्त भरली की!