‘माकडापासून माणूस’ : एका वाक्याची चिकित्सा

मोठ्या वादाच्या मुळाशी कधीकधी एक सदोष वाक्य असते. मानवाच्या उत्क्रांतीवरून विज्ञान आणि धर्म यांच्यात जो वाद आपल्याकडे होतो, त्याच्या मुळाशी ‘माकडापासून माणूस झाला’ हे वाक्य आहे.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणीही सांगितलेले वा लिहिलेले नाही, माणूस पृथ्वीवर दिसू लागल्यापासून माणूसच आहे आणि शालेय अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते अमान्य केले. त्याच वर्षी आपल्या राज्य मंडळाचे दहावीचे नवे पुस्तक आले. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र, अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन, उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि २०२३ मध्ये १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र प्रसिद्ध केले. आपल्या घरातील मुले यांपैकीच एखादे पुस्तक वाचत असतील.

‘कोणी पाहिले?’ हा आक्षेप आपल्या विषयाला लावून पाहा. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेख प्राकृतात आहेत. ज्ञानेश्वरी १२९० सालची. या दरम्यान प्राकृताची मराठी होताना कोणी पाहिली? प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटी मराठी बोलणारे मूल एके दिवशी जन्मले नाही. प्रत्येक पिढीला आपल्या आजीची भाषा कळत होती. तरीही भाषा बदलली, आणि ‘हत्थ’चा ‘हात’, ‘कम्म’चे ‘काम’ असे नियमित बदल दाखवून आपण ते सिद्ध करतो. मराठी हिंदीपासून निघाली, असे कोणी म्हटले तर आपण लगेच दुरुस्ती करू : त्या दोघी बहिणी आहेत. चिंपांझी आणि माणूस यांचे नातेही असेच आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा त्यांचा समाईक पूर्वज आजचा चिंपांझी नव्हता आणि माणूसही नव्हता. स्वतः डार्विनने १८७१ मध्ये, मानवाच्या वंशाविषयीच्या ग्रंथात, भाषा आणि प्राणिजाती यांच्यातील हे साम्य नोंदवले होते. (उपमेला मर्यादा आहेच, भाषा शेजारणीकडून शब्द उसने घेते, प्राण्यांना तशी सोय फारशी नाही.)

इगतपुरीहून कसाऱ्याकडे रेल्वेने उतरताना थळ घाटात काळ्या खडकाचे एकावर एक थर दिसतात. हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे. भूवैज्ञानिकांनी सह्याद्रीतील अशा थरांच्या एका गटाला ‘इगतपुरी’ हेच नाव दिले आहे. तो वाहताना पाहायला माणूस नव्हता. आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. साक्षीदार नसला, तरी पुरावा असू शकतो.

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम दाखवून उत्क्रांती आपल्याकडे आधीच सांगितली होती, असे म्हणणारेही आहेत. हा समेट मला वादापेक्षाही दुबळा वाटतो. कूर्मापासून वराहाचा वंश निघाला, असे पुराणे सांगत नाहीत. अवतार म्हणजे ईश्वराचे खाली उतरणे. त्या कथेला जीवशास्त्र ठरवताना तिचा भक्तिपर अर्थच हरवतो. ‘उत्क्रांती’ शब्दातील ‘उत्’ मात्र वर जाणे सुचवतो. ब्रह्मसूत्रांत हाच शब्द जीव देह सोडून जातो त्या अर्थाने येतो. आधुनिक मराठीने तो नव्या कल्पनेसाठी घेतला आणि आपल्या मनात एक जिना उभा राहिला, ज्याच्या माथ्यावर माणूस आहे. विज्ञानाला असा जिना ठाऊक नाही. त्याच्यासमोर फांद्या फुटत गेलेले झाड आहे.

एवढ्याने संघर्ष मिटत नाही. ‘माणूस आरंभापासून माणूसच होता’ हे विधान श्रद्धेतून आले असले, तरी ते घडलेल्या गोष्टीविषयी आहे. म्हणून त्याला जीवाश्मांच्या आणि जनुकांच्या कसोटीला उतरावे लागते, आणि तेथे ते टिकत नाही. माणसाने कसे जगावे, याविषयी धर्म जे सांगतो, त्याची परीक्षा जीवाश्मांनी होत नाही.

स्वाध्याय : ‘माणूस माकडापासून झाला’ आणि ‘माणूस व माकड यांचा पूर्वज एक आहे’ या वाक्यांतील अर्थभेद ‘पासून’ आणि ‘यांचा’ या रूपांच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.