फोडायची कुऱ्हाड

वखारीतून ओंडके घरी आले की ते फोडायला बहुतेकांकडे एकच हत्यार असतं, झाड तोडायची कुऱ्हाड. तिचं पातं पातळ आणि धार तेज, कारण तिला तंतू आडवे कापायचे असतात. उभ्या ओंडक्यावर तिचा घाव घातला की ती आत शिरते आणि तिथंच रुतते. मग ती हलवून हलवून काढण्यातच जीव जातो.

फोडणं म्हणजे कापणं नव्हे. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेला चिवट असतात, पण एकमेकांना धरून राहण्यात कच्चे. म्हणून त्यांच्यामध्ये घुसून त्यांना बाजूला रेटणारं, धारेपासून मागे झपाट्यानं जाड होत जाणारं पातं हवं. त्याची धार वस्तऱ्यासारखी नसली तरी चालते. फिनलंडमध्ये तर वजन एका बाजूला ठेवलेली कुऱ्हाड निघाली आहे. लाकडात शिरताच ती कलते आणि तरफेसारखी फोड उडवून देते.

वजनाच्या बाबतीत माणसं हमखास चुकतात. जड ते चांगलं, असं समजून चार किलोचं धूड उचलतात आणि दहा घावांत खांदे भरून येतात. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. तेव्हा जी तुम्हाला शेवटच्या ओंडक्यापर्यंत वेगानं फिरवता येईल, तीच तुमची कुऱ्हाड. साधारण अंगाच्या माणसाला दोन-सव्वादोन किलोचं पातं पुरतं. दांडा मात्र लांब असावा. त्यानं वेग वाढतो, आणि नेम चुकला तर पातं नडगीऐवजी जमिनीत जातं.

लाकूडही पाहायला हवं. आंबा सरळ फुटतो. निलगिरी ओली असतानाच फोडून ठेवावी, वाळली की दाद देत नाही. चिंचेचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की खाटीक मटण तोडायला मुद्दाम तिचाच ओंडका घेतात. अशा लाकडाला आणि गाठाळ बुंध्याला कुऱ्हाडीनं भिडू नये. तिथं पोलादी पाचर आणि घणच हवा. ओंडक्याला आधीच पडलेली भेग शोधून तिच्यात पाचर बसवायची. बुंधा रुंद असेल तर मधोमध न ठोकता कडेकडेनं फोडी काढत आत यायचं.

कुऱ्हाडीची मागची बाजू घण म्हणून कधीही वापरू नका, दांड्याचं नेढं फाकतं. ठोकून ठोकून पाचरीच्या माथ्याला लोखंडाची झालर सुटते, तीही वेळच्या वेळी घासून काढा. तिचा उडालेला कपचा थेट डोळ्यात जातो.

रस्त्याकडेला भाता लावून बसणारे घिसाडी ट्रकच्या कमानपाट्यापासून हत्यारं घडवतात. ते पोलाद उत्तम असतं. त्यांना फक्त स्पष्ट सांगा, तोडायची नको, फोडायची हवी, पात्याचे गाल जाड ठेवा. दांडा धामणीचा मिळाला तर सोनंच, हे लाकूड चिवट आणि लवचीक असतं.

विकत घेताना पात्यापेक्षा दांड्यावर जास्त वेळ घालवा. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेल्या असाव्यात. मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर तो दांडा बदलून मागा, कारण तो तिथंच मोडतो.