तीन, पाच, सात कोस : सायकलवरची पंचक्रोशी

काशीहून, दूधविनायक मोहल्ल्यातून बोलतो आहे. या मालिकेत जे आजच पहिल्यांदा आले आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत ओळख सांगतो. मी फौजेतून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस. घराणं पाच पिढ्यांपासून काशीकर. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, दूधविनायक हा सगळा पट्टा जुन्या मराठी वस्तीचा. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून सांड आला तर सायकल उचलून कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. असा माणूस तुम्हाला सायकलप्रवासावर ज्ञान देणार!

माझ्या वयाची बरीच मंडळी विचारतात, "साहेब, या वयात लांबचा सायकलप्रवास झेपेल का?" माझं उत्तर आहे, झेपेल, पण सायकलीच्या आधी रस्ता निवडा. रस्ता कसा निवडायचा हे मला दोन ठिकाणी समजलं. एक फ्रान्समध्ये आणि दुसरं आमच्या घराच्या मागेच.

पंचक्रोशी म्हणजे काय?

काशीची मोठी प्रदक्षिणा म्हणजे पंचक्रोशी. २५ कोसांची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची. मणिकर्णिकेहून निघायचं, घाटांच्या कडेने अस्सीपर्यंत जायचं आणि तिथून शहराबाहेर पडायचं. वाटेत पाच मुक्काम आहेत : कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा. शेवटी वरुणा ओलांडून आदिकेशवावरून पुन्हा मणिकर्णिका. पायी जाणाऱ्यांचे पाच मुक्काम होतात. महाशिवरात्रीला तरुण पोरं एका रात्रीत धावतपळत पूर्ण करतात, आणि अधिक महिन्यात तर सगळा रस्ता माणसांनी भरून जातो.

प्रदक्षिणा असल्यामुळे काशी सतत उजव्या हाताला राहते. म्हणून देवळं बहुतेक उजवीकडे, आणि धर्मशाळा, विहिरी डावीकडे. सायकलवाल्याने हे लक्षात ठेवायचं. आपण चालवतो डावीकडून, म्हणजे दर्शनासाठी दर वेळी रस्ता ओलांडायचा आहे. उतरून, दोन्हीकडे बघून ओलांडा.

माझी फजिती

बासष्टाव्या वर्षी मी ठरवलं की पंचक्रोशी एका दिवसात करायची. कागदावर हिशेब केला : ८० किलोमीटर, ताशी १५ किलोमीटर, म्हणजे साडेपाच तास. दुपारच्या जेवणाला घरी. जन्मभर इतरांना टाइम अँड स्पेस शिकवला, आणि स्वतःच्या बाबतीत शाळकरी गणित मांडलं.

एप्रिल महिना होता. निघायला उशीर झाला. कर्दमेश्वराला थांबलो नाही, भीमचंडीला फक्त पाणी प्यालो. राजातालाबजवळ जीटी रोड ओलांडताना ट्रकांच्या रांगेत वीस मिनिटं गेली. ती भरून काढायला पुढे जोर लावला. जंसा मागे पडलं तेव्हा लू सुरू झाली होती. रामेश्वरला पोचलो तो दोन्ही मांड्यांत गोळे घेऊन. धर्मशाळेच्या ओसरीवर आडवा झालो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबूजी, यहाँ तो लोग रात रुकते हैं." सौ. भाच्याला घेऊन ऑटोने आली. सायकल ऑटोच्या मागे बांधली. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. पुढचं वर्षभर सायकल जिन्याखाली पडून होती. आपलं वय झालं, असं मी स्वतःला सांगून टाकलं होतं.

फ्रान्सचा कालवा

पुढच्या वर्षी आम्ही मुलीकडे तुलूझला गेलो. दक्षिण फ्रान्समधलं मोठं शहर. तिथून कनाल द्यू मिदी नावाचा कालवा निघतो आणि २४० किलोमीटरवर भूमध्य समुद्राकाठच्या खाजणापाशी संपतो. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ मध्ये काम सुरू केलं. कालवा १६८१ मध्ये खुला झाला, आणि ते पाहायला रिके नव्हता. काही महिने आधीच वारला होता. १९९६ पासून हा कालवा जागतिक वारशाच्या यादीत आहे.

जावयाने भाड्याची सायकल आणून दारात उभी केली. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, इथे चढच नाही." मला खरं वाटेना, पण तसंच होतं.

त्याचं कारण समजून घ्या. कालव्यातलं पाणी सपाट राहतं, त्याला चढ चालत नाही. जमीन उंच झाली की पाण्याचा जिना करावा लागतो. त्याच्या पायरीला लॉक म्हणतात. लॉक म्हणजे दोन दारांची पाण्याची खोली. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पाणी चढतं, नावही चढते, आणि मग पुढचं दार उघडायचं. दोन लॉकांच्या मध्ये सगळं सपाट. आणि पूर्वी या नावा घोडे ओढत. त्यांना चालायला काठाने पायवाट ठेवलेली, तीच आज सायकलची वाट आहे. तुलूझपासून जवळजवळ ५० किलोमीटर ती डांबरी आहे. नोरूझ हे कालव्याचं सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. तुलूझहून तिथपर्यंतचा एकूण चढ ६० मीटरसुद्धा नाही! तोही लॉकांपाशी तुकड्यातुकड्यांनी येतो.

दोन्ही बाजूंना प्लेन जातीच्या झाडांची सावली. २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने ही झाडं मरू लागली आणि हजारोंनी तोडावी लागली, म्हणून मध्येच उघडे पट्टे लागतात. वाटेत दगडी चर्चची लहान गावं, लॉकवाल्यांची जुनी घरं, आणि शेवटी कार्कासोनचा तटबंदीचा किल्ला. कालव्याकाठची ही सुमारे १०० किलोमीटरची वाट मी चार दिवसांत केली. रोज पंचवीस किलोमीटर. दुखणं नाही, खुपणं नाही.

चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. ही वाट आखली गेली ती ओझं ओढणाऱ्या घोड्याच्या बेताने. मोटारगाडीचा विचार त्यात कुठेच नाही. म्हणून ती म्हाताऱ्या गुडघ्यांना जपते.

आईचं पत्र

काशीला परतल्यावर जुन्या ट्रंकेतून आईचं एक आंतरदेशीय पत्र शोधून काढलं. मी सीमेवर असताना, एका अधिक महिन्यात आईने शेजारच्या बायकांबरोबर पायी पंचक्रोशी केली होती. मला रजा मिळाली नव्हती. पत्रात रोजचा मुक्काम, कोस आणि काय शिजवलं ते लिहिलेलं. तेव्हा मी ते वरवर वाचून ठेवून दिलं होतं. आता कोसांचे आकडे एका ओळीत मांडले : पहिल्या दिवशी तीन कोस, मग पाच, मग सात, मग चार, मग तीन, आणि शेवटचे तीन घरापर्यंत. बेरीज २५.

मंडळी, फौजेत लांब कूच असली की आम्ही असाच तक्ता करतो. पहिला दिवस लहान, कारण बूट आणि पाय एकमेकांना ओळखत नसतात. मधला दिवस सर्वांत मोठा. शेवटी दमलेल्या पायांना पुन्हा कमी. जो तक्ता मी रंगरुटांना शिकवत होतो, तो आई पायांनी चालली होती. आणि मी त्याच रस्त्यावर तिचे सगळे मुक्काम ओलांडून पळत सुटलो होतो.

आता मी कसा जातो

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सौ.ला सांगून निघालो आणि पंचक्रोशी तीन दिवसांत पूर्ण केली. बेत लिहून घ्या.

पहिला दिवस आठ कोस : कर्दमेश्वर आणि भीमचंडी. कर्दमेश्वराचं देऊळ काशीतल्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या देवळांपैकी आहे. समोरच्या कुंडाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसा. या वाटेवरच्या कुंडांची, धर्मशाळांची बरीच कामं अठराव्या शतकात बंगालच्या नाटोरच्या राणी भवानी यांनी केली. आपल्या अहिल्याबाईंचं नाव काशीत जसं घेतात, तसंच त्यांचंही घ्यायला हवं.

दुसरा दिवस सात कोस : भीमचंडी ते रामेश्वर. शेतं, आंब्याच्या बागा, मध्ये देहली विनायक. जीटी रोडपाशी सायकल हातात धरून ओलांडा. रामेश्वर वरुणेच्या काठी आहे. मार्गशीर्षात इथे लोटा-भंटा मेळा भरतो. लोक शेणीच्या विस्तवावर बाटी आणि वांग्याचं भरीत करतात. खानदेश-विदर्भाच्या मंडळींना घरी आल्यासारखं वाटेल.

तिसरा दिवस दहा कोस. पण शिवपुरापासून शहर लागतं, म्हणून लवकर निघा. छावणीच्या सदर बाजारात पाशपाणी विनायक आहे. तिथे मी जुन्या सवयीने थोडा ताठ उभा राहतो. पुढे कपिलधारा, आणि घर.

सायकल साधीच चालेल, फक्त टायर ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक नको आणि गिअर हलका हवा. मडगार्ड हवंच, काशीत शेण आहे, हे विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं असतं, ऊन पडल्याशिवाय निघू नका. एप्रिलनंतर जाऊच नका. दर तासाला थांबा, खा, पाणी प्या. पायी यात्रेकरू दिसले की घंटी वाजवत घुसू नका. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे.

तुम्ही काशीला याल तेव्हा याल. पण तुमच्या गावाजवळही अशी वाट असेल. उज्जैनला पंचक्रोशी आहे. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरीची फेरी आहे. ती मात्र पायीच करा. पुण्या-साताऱ्याकडे पालखीचे मुक्काम आहेत : लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते. पायी चालणाऱ्यांनी ठरवलेले मुक्काम शोधा आणि त्यांच्या बेताने सायकल चालवा.

आईच्या पत्राची शेवटची ओळ घरगुती होती : पाय सुजले नाहीत, काळजी करू नकोस. यंदा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो आणि सौ.ला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी मलाही घेऊन चला." तिच्यासाठी सायकल बघतो आहे. पुढच्या भागात भेटू. नमस्कार!